इनडिझाइनच्या टॅबवर फाइलचे नाव नेमके कसे दिसावे: मराठी-कन्नड जोडकामांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या डीटीपी केंद्रांत बहुतेक कामे जोडीने येतात. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मराठीतही हवा असतो आणि कन्नडमध्येही. लग्नपत्रिकेच्या दोन बाजू दोन भाषांत असतात आणि उद्घाटनाच्या हँडबिलाला तिसरी इंग्रजी आवृत्तीही लागते. मांडणी तीच, चित्रे तीच, आकडे तेच, त्यामुळे पडद्यावर दोन्ही फाइली दुरून सारख्याच दिसतात. अशा वेळी आपण कोणत्या फाइलमध्ये आहोत हे सांगणारी एकच जागा उरते, ती म्हणजे इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीच्या माथ्यावरचा टॅब. तेथे दोन्हीकडे 'अहवाल फायनल नवीन' असेच दिसत असेल, तर मराठीतली दुरुस्ती जुन्या प्रतीत होते आणि ताळेबंदाचे बदललेले आकडे कन्नड आवृत्तीत पोहोचतच नाहीत. चूक छापून झाल्यावरच कळते.

टॅबवर काय दिसावे हे ठरवणारा एखादा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये असेल, तो चालू केला की काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात टॅबवर फाइलचे नाव दिसते, फोल्डरचे दिसत नाही. म्हणून नाव नीट दिसायचे असेल तर आधी नाव नीट असले पाहिजे आणि खिडक्यांची मांडणी त्यानंतर येते. पुढचे टप्पे याच क्रमाने करावेत. मधला एखादा टप्पा गाळल्यास चित्रांच्या लिंक तुटणे किंवा बुक पॅनेलमधून, म्हणजे अनेक प्रकरणांच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या यादीतून, प्रकरणे हरवणे असे नवेच घोळ होतात. मेनूंची नावे इनडिझाइनच्या इंग्रजी आवृत्तीत जशी दिसतात तशीच उच्चारानुसार दिली आहेत.

पूर्वतयारी

सुरुवात इनडिझाइनच्या बाहेर होते. विंडोजमध्ये फाइलच्या नावामागचा शेपटीचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवलेला असतो. विंडोज १० मध्ये एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबवर 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या चौकोनात खूण करावी. विंडोज ११ मध्ये हाच पर्याय व्ह्यू मेनूतील 'शो' या उपमेनूत आहे. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक्स्टेन्शन लपलेले असताना नाव बदलणारा माणूस पुष्कळदा स्वतःच शेवटी 'डॉट इंडीडी' ही इनडिझाइन फाइलची शेपटी टंकतो आणि फाइलला दोन शेपट्या लागतात. शिवाय मूळ फाइल, आयडीएमएल (जुन्या आवृत्तीतही उघडता येणारी प्रत) आणि पीडीएफ एकाच नावाने शेजारी असतील, तर घाईत नेमकी चुकीची उघडली जाते.

त्यानंतर इनडिझाइनमधील सर्व फाइली सेव्ह करून बंद कराव्यात आणि कामाच्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवावी. फोल्डरमध्ये लाटेसारख्या चिन्हाने सुरू होणारी व 'आयडीएलके' शेपटीची छोटी फाइल दिसत असेल, तर ते दस्तऐवज कोणाच्या तरी यंत्रावर उघडे आहे, किंवा वीज गेल्यामुळे नीट बंद झालेले नाही, असे समजावे.

तपासणी: आयडीएलके फाइल दिसत असेल तर नेटवर्कवरील सर्व यंत्रे पाहून घ्यावीत आणि ते दस्तऐवज आधी नीट उघडून बंद करावे. उघड्या फाइलचे नाव बाहेरून बदलू नये.

टप्पा १: नावाचा साचा ठरवणे

टॅबवरचे नाव डावीकडून वाचले जाते आणि घाईत पहिल्या चार-पाच अक्षरांपलीकडे नजर जात नाही. म्हणून दोन फाइलींमधला सर्वांत महत्त्वाचा फरक नावाच्या अगदी सुरुवातीला हवा. आपल्याकडे तो फरक भाषेचा असतो. बहुतेक जण 'अहवाल' किंवा संस्थेचे नाव आधी लिहितात आणि भाषा शेवटी जोडतात, म्हणजे वेगळी ओळख सांगणारा भाग सर्वांत कमी दिसणाऱ्या जागी जातो.

मी सुचवतो तो साचा असा: भाषा, ऑर्डर बुकातला कामाचा क्रमांक, फाइलमधला भाग, आणि गरज असेल तरच प्रूफचा, म्हणजे तपासणीच्या प्रतीचा, क्रमांक. भाषेसाठी रोमन लिपीतील दोन अक्षरे पुरतात: मराठीला एम-आर, कन्नडला के-एन, इंग्रजीला ई-एन. वाचायला सोपे जावे म्हणून या लेखात तीच 'मरा', 'कन', 'इंग' अशी लिहिली आहेत. म्हणजे एका अहवालाच्या फाइली 'मरा-०४१२-ताळेबंद' आणि 'कन-०४१२-ताळेबंद' अशा होतील. कामाचा क्रमांक नावातच असल्यामुळे दोन संस्थांचे ताळेबंद एकाच वेळी उघडले तरी टॅब वेगळे दिसतात. तो नसेल तर वेगवेगळ्या फोल्डरांतील समान नावाच्या दोन फाइलींचे टॅब हुबेहूब सारखे असतात.

फाइलचे नाव प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच टंकावे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर सेव्हच्या चौकटीत चिकटवला, तर ती चौकट विंडोजचा स्वतःचा फॉन्ट वापरत असल्यामुळे तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. कन्नड मजकूर नुडी या कन्नड टंकलेखन सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तरी हाच प्रकार होतो. युनिकोड देवनागरी नाव आपल्या यंत्रावर बरोबर दिसते, पण फाइल झिप होऊन कोल्हापूरच्या किंवा हुबळीच्या छापखान्यातील जुन्या यंत्रणेत गेल्यावर त्याचे प्रश्नचिन्हांत रूपांतर होण्याचा धोका राहतो. हा धोका पत्करण्यासारखा नाही.

गावांच्या नावांचे रोमन स्पेलिंगही एकदा ठरवून भिंतीवर लावावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचे स्पेलिंग बदलले, पण ग्राहकाच्या जुन्या मजकुरात आधीचेच असते, आणि चार माणसे चार स्पेलिंगे टंकतात. मग एकाच शाखेच्या फाइली यादीत वेगवेगळ्या ठिकाणी विखुरतात आणि शोधही अर्धवट लागतो.

तारीख घालायचीच असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घालावी, म्हणजे नावाच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. तारखेत तिरकी रेघ वापरता येत नाही. विंडोज ती नावात स्वीकारत नाही, तसेच उलटी तिरकी रेघ, अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणाची दोन चिन्हे आणि उभी रेघ ही चिन्हेही चालत नाहीत. क्रमांकांच्या आधी शून्य लावावे. विंडोजच्या यादीत २ नंतर १० नीट येतात, पण सर्वच सॉफ्टवेअर तसे करत नाहीत आणि दहावे प्रकरण पहिल्याच्या पाठोपाठ येऊन बसते.

इशारा: नावात 'फायनल' हा शब्द वापरू नये. ग्राहक शेवटच्या क्षणी संचालकांची यादी बदलतो, मग 'फायनल-२' येते, त्यानंतर 'फायनल-नवीन' येते, आणि त्यांतले शेवटचे कोणते हे नावावरून कोणालाच सांगता येत नाही.

प्रूफचा क्रमांक नावात घालावा की नाही, हे कामावर अवलंबून आहे. हँडबिल, पत्रिका, पावती पुस्तक अशा एका फाइलच्या कामात तो घालावा. बुक फाइलमध्ये जोडलेल्या अनेक प्रकरणांच्या अहवालात मात्र मूळ फाइलच्या नावात तो कधीही घालू नये, कारण प्रत्येक प्रूफला नाव बदलले की बुक पॅनेलमधली जोडणी प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. तेथे प्रूफचा क्रमांक पीडीएफच्या नावात आणि टप्पा ५ मध्ये सांगितलेल्या स्लगच्या ओळीत ठेवावा.

टप्पा २: जुन्या फाइलींची नावे बदलणे

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होते, म्हणून एका वेळी एकच फाइल घ्यावी.

फाइल इनडिझाइनमध्ये उघडून फाइल मेनूतील 'सेव्ह अ‍ॅज' निवडावे आणि नवे नाव द्यावे. येथे 'सेव्ह अ कॉपी' निवडण्याची चूक फार जण करतात. दोन्हींमुळे डिस्कवर नवी फाइल तयार होते, पण फरक मोठा आहे. 'सेव्ह अ‍ॅज' केल्यावर नवी फाइल आपल्यासमोर येते आणि टॅबवरचे नाव बदलते. 'सेव्ह अ कॉपी' केल्यावर नवी प्रत गुपचूप बाजूला ठेवली जाते आणि समोर जुनीच फाइल राहते. मराठी अहवालावरून कन्नड आवृत्ती सुरू करताना ज्याने 'सेव्ह अ कॉपी' वापरले, तो पुढचा तासभर कन्नड मजकूर मराठी फाइलवरच ओतत बसतो, आणि मध्येच सेव्ह केले की मराठी फाइल हातची गेली.

तपासणी: 'सेव्ह अ‍ॅज' केल्याबरोबर एकही अक्षर टंकण्याआधी टॅबकडे पाहावे. नवे नाव दिसत नसेल तर तेथेच थांबावे.

जुनी फाइल लगेच पुसू नये. कामाच्या फोल्डरमध्ये 'जुने' असा एक उपफोल्डर करून ती त्यात हलवावी आणि काम छापून झाल्यावरच काढावी.

अहवाल बुक फाइलमध्ये असेल, तर नाव बदलल्यावर बुक पॅनेल जुनेच नाव धरून बसते. जुनी फाइल हलवली असेल तर तेथे ती हरवल्याची खूण दिसते. पॅनेलमध्ये ते प्रकरण निवडून पॅनेलच्या मेनूतील 'रिप्लेस डॉक्युमेंट' हा पर्याय घ्यावा आणि नवी फाइल दाखवावी. प्रकरण काढून पुन्हा जोडण्याचा आडमार्ग घेऊ नये, कारण तसे केल्यास प्रकरणांचा क्रम बिघडतो आणि पानांचे क्रमांक सरकतात. सर्व प्रकरणे बदलून झाल्यावर 'सेव्ह बुक' करणे विसरू नये. प्रकरणांची फाइल सेव्ह केली म्हणजे बुक सेव्ह झाले असे होत नाही.

चित्रांची नावे या फेरीत बदलूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. संचालकांचे फोटो, संस्थेचे बोधचिन्ह आणि शाखांची छायाचित्रे मराठी व कन्नड या दोन्ही फाइलींना एकाच फोल्डरमधून जोडलेली असतात. एका फाइलपुरते म्हणून फोटोचे नाव बदलले की दुसऱ्या फाइलमध्ये लिंक्स पॅनेलवर लाल प्रश्नचिन्हे येतात, आणि ती फाइल कदाचित आठवड्याने, दुसऱ्या माणसाकडून उघडली जाते.

टप्पा ३: खिडक्यांची मांडणी

विंडोजवर एडिट मेनूतून प्रेफरन्सेस आणि त्यातील 'इंटरफेस' हा भाग उघडावा. मॅकवर हा भाग इनडिझाइनच्या स्वतःच्या मेनूत मिळतो. तेथे 'ओपन डॉक्युमेंट्स अ‍ॅज टॅब्स' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर नव्याने उघडलेली प्रत्येक फाइल टॅब म्हणून येते, बंद असेल तर स्वतंत्र तरंगती खिडकी म्हणून येते. एकभाषिक कामासाठी टॅब सोयीचे पडतात. जोडकामातही टॅबच ठेवावेत, पण तुलनेच्या वेळी विंडो मेनूतील 'अरेंज' या उपमेनूतून दोन खिडक्या शेजारी लावाव्यात, म्हणजे मराठी व कन्नड पान एकाच वेळी समोर येते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचे नाव असते. तुलना संपली की तेथूनच 'कन्सॉलिडेट ऑल विंडोज' निवडले की सर्व टॅब पुन्हा एका ओळीत येतात.

फार फाइली उघडल्या की ओळीत न मावणारे टॅब उजव्या टोकाच्या दुहेरी बाणामागे जातात. ते तेथे आहेत हे लक्षात न आल्याने माणूस तीच फाइल पुन्हा उघडायला जातो आणि चुकून 'जुने' फोल्डरमधली उघडतो. विंडो मेनूच्या तळाशी उघड्या फाइलींची पूर्ण यादी असते. शंका आल्यास आधी ती पाहावी.

टप्पा ४: टॅबवरची इतर चिन्हे वाचणे

नावाच्या आजूबाजूला येणारी चिन्हे ही शोभेची नाहीत, आणि ती न वाचल्यामुळे होणाऱ्या चुका चुकीच्या नावामुळे होणाऱ्या चुकांइतक्याच महागात पडतात.

नावाआधी तारांकन असेल तर शेवटच्या सेव्हनंतर फाइलमध्ये काही तरी बदलले आहे. तुम्ही काहीच केले नसताना तारांकन दिसले, तर उघडताना एखादे चित्र अद्ययावत झाले असेल किंवा माऊसच्या धक्क्याने एखादी चौकट हलली असेल. अशा वेळी डोळे मिटून सेव्ह करू नये. एडिट मेनूत सर्वांत वर 'अनडू' शब्दापुढे शेवटच्या कृतीचे नाव असते, ते वाचून मगच ठरवावे.

नावापुढे चौकटी कंसात 'कन्व्हर्टेड' असे आले, तर ती फाइल इनडिझाइनच्या जुन्या आवृत्तीत तयार झालेली आहे. ती सेव्ह केल्यावर नव्या आवृत्तीची होते आणि जुन्या आवृत्तीत सरळ उघडत नाही. आपल्याकडे एका केंद्रावर नवी आवृत्ती आणि छापखान्यात बरीच जुनी, अशी स्थिती सर्रास असते. म्हणून कन्व्हर्टेड फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करावी, मूळ फाइल तशीच राहू द्यावी आणि परत पाठवायची झाल्यास आयडीएमएल काढून द्यावी. या रूपांतरात मजकुराच्या ओळी सरकू शकतात. ताळेबंदाची कोष्टके तर आवर्जून पाहावीत.

चौकटी कंसात 'रिकव्हर्ड' असे दिसले तर वीज गेल्यामुळे किंवा सॉफ्टवेअर अडकल्यामुळे बंद पडलेली फाइल इनडिझाइनने स्वतःहून परत उभी केली आहे आणि तीत सेव्ह न झालेले बदल आहेत. पावसाळ्यात हे वारंवार घडते. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून नावाच्या शेवटी 'परत' अशी खूण जोडावी, मग जुनी फाइल शेजारी उघडून शेवटची दोन-तीन पाने मिळवून पाहावीत, आणि कोणती ठेवायची ते मगच ठरवावे. ठेवायची ती शेवटी ठरलेल्या नावावर आणावी, नाही तर 'परत' ही खूणच पुढे 'फायनल'ची जागा घेते.

नावानंतर अपूर्णविराम आणि १ किंवा २ असा आकडा आला, तर एकाच फाइलच्या दोन खिडक्या उघड्या आहेत. 'अरेंज' उपमेनूतून नवी खिडकी काढली की असे होते. एका खिडकीत पूर्ण पान आणि दुसऱ्या खिडकीत मोठे करून कोष्टक, असे काम करायला हे फार उपयोगी आहे. या दोन वेगळ्या फाइली आहेत असे समजून एकीत 'मराठी' आणि दुसरीत 'कन्नड' टंकू लागणे ही चूक मात्र नवशिक्यांकडून होते. दोन्ही खिडक्यांत फाइल एकच असते आणि एकीतला बदल दुसरीत त्याच क्षणी दिसतो.

त्यापुढे येणारे टक्के म्हणजे पान किती मोठे करून दाखवले आहे ते, आणि कधी कधी त्यामागे 'जीपीयू प्रिव्ह्यू' असेही दिसते. या दोहोंचा फाइलच्या ओळखीशी संबंध नाही.

तपासणी: नाव बरोबर आहे, पण फाइल योग्य फोल्डरमधली आहे का अशी शंका असेल, तर खिडकीच्या तळाशी डावीकडच्या स्टेटस बारवरील छोटा बाण दाबून 'रिव्हील इन एक्सप्लोरर' निवडावे. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर समोर उघडतो. पेनड्राइव्हवरून थेट उघडलेल्या फाइलवर दिवसभर काम होण्याचा प्रकार एवढ्या एका तपासणीने थांबतो.

टप्पा ५: टॅबवरचे नाव प्रूफच्या कागदावर आणणे

पडद्यावर नाव कितीही नीट दिसले, तरी प्रूफ तपासणाऱ्या सचिवांच्या हातात कागदच असतो, आणि दुरुस्त्या घेऊन तो कागद परत येतो तेव्हा तो कोणत्या फाइलचा आहे हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे. इनडिझाइनमध्ये यासाठी टेक्स्ट व्हेरिएबलची, म्हणजे फाइलनुसार आपोआप बदलणाऱ्या मजकुराची, सोय आहे. पुढचा क्रम काटेकोर पाळावा.

१. सर्व दस्तऐवज बंद असतानाच टाइप मेनूतून 'टेक्स्ट व्हेरिएबल्स' आणि त्यातील 'डिफाइन' उघडावे. एकही फाइल उघडी नसताना केलेली व्याख्या पुढच्या प्रत्येक नव्या दस्तऐवजात आपोआप येते. फाइल उघडी असताना केलेली व्याख्या त्या फाइलपुरतीच राहते. 'काल केले होते, आज नव्या फाइलमध्ये नाही' या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. आधीच्या दस्तऐवजांत ती हवी असेल तर त्याच चौकटीतील 'लोड' बटणाने दुसऱ्या फाइलमधून आणता येते.

२. यादीत 'फाइल नेम' हे व्हेरिएबल तयारच असते. त्याच प्रकाराचे दुसरे नवे व्हेरिएबल करावे आणि त्यात 'इन्क्लूड एन्टायर फोल्डर पाथ' व 'इन्क्लूड फाइल एक्स्टेन्शन' या दोन्ही चौकोनांत खूण करावी. टॅबवर न दिसणारा फोल्डर अशा रीतीने कागदावर दिसू लागतो.

३. 'कस्टम टेक्स्ट' या प्रकाराचे आणखी एक व्हेरिएबल करून त्यात प्रूफचा क्रमांक ठेवावा. पुढच्या प्रूफच्या वेळी तो एकाच ठिकाणी बदलला की त्या फाइलच्या सर्व पानांवर बदलतो.

४. आता टेम्प्लेट, म्हणजे नवी कामे जिच्यावरून सुरू होतात ती साचा-फाइल, उघडावे. उघडताना चौकटीत 'ओरिजिनल' निवडावे. 'नॉर्मल' ठेवल्यास टेम्प्लेटची बिननावाची प्रत उघडते आणि केलेले बदल टेम्प्लेटमध्ये जात नाहीत. टेम्प्लेट आधीच तयार असेल तर वरची व्हेरिएबल पायरी १ मधल्या 'लोड'ने त्यात आणावीत. फाइल मेनूतील 'डॉक्युमेंट सेटअप'मध्ये 'ब्लीड अँड स्लग' या भागात खालच्या बाजूला १२ मिलीमीटर स्लग द्यावा. स्लग म्हणजे कापल्यावर जाणारी, पानाबाहेरची पट्टी. तेथे लिहिलेले ग्राहकाच्या छापील प्रतीत येत नाही.

५. पेरेंट पानावर, म्हणजे ज्यावरची मांडणी इतर पानांवर आपोआप येते आणि जुन्या आवृत्त्यांत ज्याला मास्टर पान म्हणत त्यावर, स्लगच्या पट्टीत पानाच्या पूर्ण रुंदीची मजकूर-चौकट काढावी. समोरासमोरची पाने असतील तर डाव्या व उजव्या दोन्ही पानांखाली स्वतंत्र चौकट काढावी, नाही तर एकेक पान वेगळे छापताना एका बाजूला नावच नसते.

६. चौकटीत कर्सर ठेवून टाइप मेनूतील 'इन्सर्ट व्हेरिएबल'मधून आधी नाव, मग प्रूफचा क्रमांक आणि शेवटी 'आउटपुट डेट' घालावे.

७. या ओळीसाठी स्वतंत्र पॅरेग्राफ स्टाइल करून तिला साधा रोमन फॉन्ट द्यावा, अक्षर ६ किंवा ७ पॉइंटचे ठेवावे. ही पायरी गाळण्याची सवय फार आहे. टेम्प्लेटमधला मूळ मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर व्हेरिएबल तोच फॉन्ट उचलते आणि रोमन अक्षरांतले नाव देवनागरीच्या वेड्यावाकड्या जोडाक्षरांत उमटते. व्हेरिएबल चालत नाही असे समजून लोक ते पुसून टाकतात, आणि बिघाड फक्त फॉन्टचा असतो.

इशारा: व्हेरिएबलमधला मजकूर दोन ओळींत मोडत नाही. चौकट अरुंद असेल तर फोल्डरचा लांबलचक मार्ग एका ओळीत चेपला जातो आणि वाचता येत नाही. चौकट रुंद ठेवावी; तरीही नाव मावत नसेल तर फोल्डरांची खोली कमी करावी. एकात एक सहा-सात फोल्डर असण्याचे कारण बहुतेक वेळा जुन्या कामांची प्रत प्रतीत ठेवणे एवढेच असते.

टेम्प्लेटमधून नवी फाइल उघडल्यावर ती सेव्ह करेपर्यंत या ओळीत 'अनटायटल्ड' असे दिसते. म्हणून प्रूफ काढण्याआधी फाइलला नाव देऊन सेव्ह करावी, हा नियम पाळावा.

छापताना प्रिंटच्या चौकटीतील 'मार्क्स अँड ब्लीड' या भागात, आणि पीडीएफ काढताना तेथील अशाच भागात, 'इन्क्लूड स्लग एरिया' या पर्यायावर खूण करावी लागते. ती नसेल तर वरची सर्व मेहनत पडद्यावरच राहते. ए-फोर पानाचे काम ए-फोर कागदावर काढले तर स्लगला जागाच उरत नाही. प्रूफपुरते प्रिंटच्या 'सेटअप' भागात 'स्केल टू फिट' निवडावे किंवा ए-थ्री कागद वापरावा. मात्र 'स्केल टू फिट' केलेल्या प्रूफवर अक्षरांचा आकार मूळ कामापेक्षा लहान दिसतो, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

फार घाई असेल तर त्याच भागातील 'पेज इन्फर्मेशन' या पर्यायावर खूण करावी. फाइलचे नाव, पानाचा क्रमांक, तारीख व वेळ कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छापली जाते. त्यासाठी आडव्या कडेला १३ मिलीमीटर जागा लागते. यात फोल्डरचा मार्ग आणि प्रूफचा क्रमांक मिळत नाही, म्हणून नेहमीच्या कामासाठी व्हेरिएबलची पद्धतच मी योग्य मानतो.

टप्पा ६: पीडीएफच्या खिडकीवरचे नाव

ग्राहकाला मोबाइलवर किंवा संस्थेच्या संगणकावर पीडीएफ पाठवताना एक वेगळाच घोळ होतो. पीडीएफच्या खिडकीच्या माथ्यावर फाइलचे नाव दिसावे की दस्तऐवजाचे शीर्षक दिसावे, हे त्या पीडीएफमध्येच ठरलेले असते. शीर्षक येते ते इनडिझाइनच्या फाइल मेनूतील 'फाइल इन्फो' या चौकटीतील 'टायटल' या रकान्यातून. मागच्या वर्षी एका संस्थेचा अहवाल करताना कोणी तेथे त्या संस्थेचे नाव टंकले असेल आणि यंदा तीच फाइल घेऊन दुसऱ्या संस्थेचे काम केले असेल, तर नव्या ग्राहकाला पीडीएफ उघडताच माथ्यावर आधीच्या संस्थेचे नाव दिसते. आतले पान न् पान बरोबर असले तरी विश्वास तेथेच उडतो, आणि दोन्ही संस्था एकाच तालुक्यातल्या असतील तर आपल्याकडचे काम बाहेर फिरते अशी शंकाही घेतली जाते.

म्हणून प्रत्येक नव्या कामात 'फाइल इन्फो' उघडून 'टायटल' व 'डिस्क्रिप्शन' हे रकाने वाचावेत आणि जुने असेल ते पुसावे. टेम्प्लेटमध्ये तर हे रकाने रिकामेच ठेवावेत. पीडीएफ आधीच काढलेली असेल आणि अ‍ॅक्रोबॅट उपलब्ध असेल, तर त्यातील 'प्रॉपर्टीज' चौकटीच्या 'इनिशियल व्ह्यू' या भागात 'शो' या पर्यायासमोर 'फाइल नेम' निवडावे आणि 'डिस्क्रिप्शन' भागातील शीर्षकही दुरुस्त करावे. केवळ पहिले केले तर जुने शीर्षक फाइलच्या पोटात तसेच राहते.

टप्पा ७: चाचणी

खऱ्या कामावर ही पद्धत लावण्याआधी दोन पानांची एक मराठी आणि एक कन्नड अशा दोन चाचणी-फाइली टेम्प्लेटमधून कराव्यात. दोन्ही साच्यानुसार सेव्ह कराव्यात, शेजारी लावाव्यात आणि जेवढ्या अंतरावरून रोज काम करता तेवढ्याच अंतरावरून टॅब वाचून पाहावेत. नंतर दोन्हींचे प्रूफ छापावे आणि कागद अदलाबदल करून दुसऱ्या सहकाऱ्याला द्यावेत. कोणता कागद कोणत्या फाइलचा आणि ती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे त्याने केवळ स्लगची ओळ वाचून सांगितले पाहिजे. त्याला विचारावे लागले, तर अडचण बहुधा नावाच्या साच्यात असते आणि टप्पा १ वर परत जावे लागते.

शेवटी मराठी चाचणी-फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करून तिचे नाव बदलावे, स्लगमधले नाव बदलले का ते पाहावे, आणि दोन्ही पीडीएफ ग्राहकाकडे असतो तशा साध्या मोबाइलवर उघडून माथ्यावर काय दिसते ते तपासावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संस्थांच्या अहवालांची गर्दी सुरू होते, त्याआधीच्या मोकळ्या आठवड्यात ही चाचणी उरकून घ्यावी, कारण गर्दीच्या दिवसांत टेम्प्लेटला हात लावणे म्हणजे चालू कामांच्या फाइलींत दोन वेगवेगळ्या पद्धती मिसळू देणे होय.